वेचणीच्या दिवसांतल्या वत्सलाताई

मंगरूळपीर मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून अजूनही दोन-चार शेतं कपाशीची दिसतात. बाकी सगळीकडे सोयाबीन निघून गेलेलं, जमीन उघडी, काळी, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. आणि मग एक पांढरं शेत येतं. परवा कारंज्याला जाताना तसंच आलं. सात-आठ बाया ओळीनं पुढे सरकत होत्या. साडीवर घरातला जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या. गाडी थांबली नाही, शेत मागे गेलं. पण माझ्या बोटांची टोकं उगाच चुरचुरली. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात. लहानपणी टोचलेलं हाताला इतकं आठवतं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

या वर्षीची वेचणी वत्सलाताईंशिवायची पहिली. श्रावणात त्या गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या, दिसत जवळजवळ नव्हतं, त्यामुळे कुणी अकाली गेल्या असं म्हटलं नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. लेखिका, स्त्रीवादी संपादक, निवृत्त शिक्षिका. चारही ओळी खऱ्या होत्या. पण वाचल्यावर मला त्यांचा चेहरा काही दिसेना. दिसला तो थेट कार्तिकातला, मी वीस वर्षांची असतानाचा, आमच्या आसेगावच्या ओसरीवर बसलेला आणि शरमेनं लाल झालेला.

तेव्हा मी कारंज्याला बीएला होते. दुपारी कॉलेज सुटलं की वत्सलाताईंच्या घरी जायचे. त्यांच्या पुढच्या खोलीतून 'वेचणी' निघायचं. बायकांसाठीचं मासिक, बत्तीस पानांचं, कागद पिवळट, मुखपृष्ठावर कधी चित्र असायचं, कधी नुसतं नाव. वत्सलाताई मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या कथांचे दोन संग्रह निघालेले होते आणि त्यांचं पुण्या-मुंबईकडे बरं बोललं गेलं होतं. पण दुसऱ्या संग्रहानंतर त्यांनी कथा लिहिणं बंद केलं आणि हे मासिक काढलं. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, ब्लाउजच्या बाहीवर कायम खडूची पांढरी रेघ. आलेलं टपाल त्या उभ्यानंच वाचत. बसून वाचलं की आपण परीक्षक होतो, म्हणायच्या. त्यांचे यजमान नाना पोस्टात होते; संध्याकाळी घरी येऊन ते अंकांवर पत्ते चिकटवत. मासिक मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. "मला सगळं आधीच ऐकू येतं," असं ते हसून सांगत.

माझं काम पाकिटं फोडायचं. मानोऱ्याहून, इंझोरीहून, पार पुसदकडून पत्रं यायची. वहीची फाटकी पानं, पेन्सिलीचं लिहिणं, कधी एखाद्या शाळकरी मुलीनं आईसाठी लिहून दिलेलं. सासूनं शाळा सोडायला लावली, नवरा मुलगी झाली म्हणून बघायला आला नाही, विहिरीवर कुणी काय म्हणालं. वत्सलाताई ते सगळं वाचायच्या, भाषा नीट करायच्या आणि छापायच्या. 'मले' चं 'मला' व्हायचं, 'काहून' चं 'का'. वऱ्हाडी माणसाला पुण्याच्या लोकांनी हसू नये, एवढीच त्यामागे भावना होती. स्वतः त्या भाजीवालीशी वऱ्हाडीत भांडत आणि घरात आल्या की शाळेतलं बोलत. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. मीही तेच शिकत होते.

एक दिवस त्या म्हणाल्या, "ज्योती, तू नुसती पाकिटंच फोडणार का? काही लिहीत का नाहीस?"

मी आठ दिवसांत लिहून आणलं. माझ्या आत्यावर. अनसाआत्या, बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवऱ्यानं तिला टाकलं, हे आमच्या घरातलं सर्वांत जुनं दुःख होतं. आजोबा तेच सांगत गेले, बाबा तेच सांगत होते, गावही तेच सांगायचं. तो कधी न्यायलासुद्धा आला नाही, हे वाक्य तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. मी लेखाचं नाव ठेवलं 'टाकलेली'. त्यात उंबरठा होता, वाट पाहणारे डोळे होते, रडणं तर प्रत्येक पानावर होतं. लिहिताना मीही रडले होते, त्यामुळे लेख चांगला उतरला आहे याची मला खात्री होती.

वत्सलाताईंनी उभ्यानंच वाचला. वाचता वाचता पेन्सिलीनं 'बिचारी' या शब्दाभोवती गोल काढत गेल्या. सहा-सात तरी निघाले. मग पानं मिटली.

"या आत्या आहेत ना अजून?"

"हो, आसेगावलाच असते. आमच्याकडे."

"त्यांना वाचून दाखवलंस?"

"तिला वाचता येत नाही."

"मी ते विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि लेख माझ्या हातात परत दिला. "आधी दाखवून ये."

मला राग आला होता. छापायचं नसेल तर तसं सांगावं, असं मनात म्हणत मी एसटीत बसले. कारंज्याच्या रस्त्यांवर त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांमागून उडालेले पुंजके बाभळींना, तारांना अडकलेले असत. जिनिंगच्या बाजूनं सरकीचा तेलकट, उबदार वास यायचा. आजही तो वास आला की मला तो रागच आधी आठवतो.

घरी वेचणी सुरू झाली होती. शीतादही आदल्याच आठवड्यात झालेलं; पहिल्या वेचणीआधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच कपाशीला हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. आत्या वावरात होती. दव उडून गेलेलं, ऊन चांगलं वर आलेलं. तिची ओळ इतरांच्या पुढे होती, नेहमीसारखी. मी म्हटलं, आत्या, मी तुझ्यावर लिहिलंय. ती म्हणाली, "मंग वाच ना. हात काही आयकत नाही माहे."

ती वेचत पुढे सरकत होती आणि मी शेजारच्या तासातून, दोन ओळींमधल्या सरीतून, कागद धरून चालत वाचत होते. दोन्ही हातांनी ती बोंडं रिकामी करत होती. मी उंबरठ्यापाशी आले, वाट पाहणाऱ्या डोळ्यांपाशी आले. शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं. आत्यानं ओटी सारखी केली आणि विचारलं, "झालं?"

"हो."

"चांगलं लिवलं. पन हे कोनाचं आहे?"

"तुझंच आहे, आत्या."

"माहं नाही." ती पुन्हा वाकली. "मले कोनं टाकलं नाही. मी आली."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, आली म्हणजे?

"आली म्हंजे आली. निघून आली." मग ती वेचता वेचता सांगू लागली, जशी एखादी बाजारातली गोष्ट सांगते. "मारत नव्हता मले. खायाले-प्यायालेबी होतं. चार वर्सं झाली, लेकरू नाही. तं एक दिवस म्हने, सुगी झाली का दुसरी करतो. तू राह्य, तुले कोन हाकलून राह्यलं? मागच्या खोलीत राह्यशीन. चांगल्यानंच बोलला. सासूबी म्हने, राह्य माय, एका कोपऱ्यात. मी काई बोलली नाही. दुसऱ्या दिवशी असंच कापूस येचत होती. अर्धी ओळ झाली अन् मले वाटलं, हे कोनासाठी येचून राह्यली मी? तं ओळ तशीच सोडली अन् चालाले लागली. इंझोरीच्या फाट्यावर यष्टी भेटली. कमरेले ओटी तशीच. कारंज्यात उतरली तवा पाह्यलं, कापूस भरलेला."

"मग आजोबा?"

"तुह्या आजानं दोन दिवस तोंड पाह्यलं नाही. मंग म्हने, बाई सोडून आली म्हनलं तं लोकं तुह्यात खोट काढतीन. टाकलं म्हनू. टाकलेलीले लोकं भाकर देतेत. मी म्हनलं, म्हना." तिनं एक बोंड दोनदा चाचपलं, कीड होती, सोडून दिलं. "अन् न्याले आला होता तो. दोनदा. बैलबंडी घेऊन. दोन्ही बारी मी दरवाज्यातूनच म्हनलं, मी येत नाही."

मी तासात उभी होते. हातातले कागद कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. शेवटी मी ते तिच्या ओटीत टाकणार होते, ती म्हणाली, "कापसात कचरा करू नोको."

कारंज्याला परत आले तेव्हा वत्सलाताई पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. नानांनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. मग त्यांनी सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आणि सवयीप्रमाणे भाषा नीट केली. "परवा रविवार आहे," म्हणाल्या. "मी स्वतः येते वाचून दाखवायला."

त्या आमच्या ओसरीवर बसल्या त्या दुपारी मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. शाळेच्या बाई, छापलेल्या पुस्तकांच्या बाई, सतरंजीवर मांडी घालून. आत्या समोर सरकी निवडत बसलेली. वत्सलाताईंनी वाचायला सुरुवात केली. 'माझ्या पतीने मला कधी मारहाण केली नाही. परंतु एके दिवशी त्याने दुसऱ्या विवाहाचा निर्णय मला सांगितला.' आत्या सरकी निवडत ऐकत होती. मग तिच्या खांद्यांना हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना.

"काय झालं?" वत्सलाताईंनी विचारलं.

"काई नाही बाई. लई चांगली हाय हे. पन हे मास्तरीन हाय कोनी. मी नाही."

वत्सलाताई लाल झाल्या. इतक्या वर्षांत किती पत्रं त्यांनी अशी 'नीट' केली असतील, ते त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलं. त्यांनी वही उलटी केली, कोरं पान काढलं आणि म्हणाल्या, "मंग सांगा बाई तुमी. मी लिवतो." त्यांच्या तोंडून ती भाषा मी भाजीवालीखेरीज दुसऱ्या कुणाशी ऐकली नव्हती.

आत्यानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. या वेळी हळू, लिहिणाऱ्या हाताकडे बघत. बाबा तेव्हा गोठ्याशी होते. आम्हांला वाटलं त्यांचं लक्ष नाही. 'दोनदा' हा शब्द आला आणि ते ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"बाई, तो न्याले आला होता?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्यानं होकारार्थी मान हलवली.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कारंज्याले होता, वस्तीगृहात. मंग इचारलं नाही तूनं."

बाबा पायरीवर बसले. मला माहीत होतं ते काय आठवत असतील. ऐन तिशीत त्यांनी कारंज्याच्या स्टँडवर त्या माणसाची कॉलर धरली होती, सगळ्यांदेखत. माझ्या बहिणीला टाकलंस म्हणून. तो काहीच बोलला नव्हता. त्या माणसाच्या गावचं पाणीही बाबा पीत नसत. तिकडच्या लग्नाला गेले तर उपाशी परत येत. आमच्या घरात ही बाबांच्या मायेची गोष्ट म्हणून सांगितली जायची.

"हे छापाचं नाही," ते म्हणाले.

वत्सलाताईंनी पेन बंद केलं. त्या बाबांकडे वळल्या नाहीत. "अनसाबाई, तुमी नाही म्हना, मी हे पान आत्ता फाडतो."

"कायले फाडता? छापा. माह्या नावानं छापा."

"मंग मी लोकाईले कोन्तं तोंड दाखवू?" बाबांचा आवाज चढला. "या घरात राहून..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण ते सगळ्यांना ऐकू आलं. आत्या पंचविसेक वर्षं त्या घरात होती, ती टाकलेली म्हणून. तेवढ्या एका शब्दावर तिची भाकर आणि तिची जागा उभी होती, असं तोवर सगळ्यांनी धरलेलं होतं.

वत्सलाताई हळूच म्हणाल्या, "माह्याकडे एक खोली आहे, बाई."

"खोली कायले?" आत्या म्हणाली. "खोली सोडूनच तं आली मी. हे वावर मी केलं. याच्या शाळेच्या दिवसांत मीच वखरलं, मीच पेरलं. मी इथंच राहीन." मग बाबांकडे पाहून, अगदी शांतपणे, "अन् वामन, तोंड हाय तेच दाखव. दुसरं कुठून आनशीन?"

अंक निघाला. छापखान्यात खिळे जुळवणारे रहीममामू पहिलं पान हातात घेऊन वत्सलाताईंकडे आले होते. "बाई, ये 'मले', 'तुले' ऐसाच रखू क्या? गलती तो नहीं ना?" त्या म्हणाल्या, "गलती अब तक थी, मामू." पुढे जवळपास वीस वर्षं 'वेचणी'त बायकांचं बोलणं बोलल्यासारखं छापलं गेलं. शाळांनी अंक घेणं थांबवलं, मुलींची भाषा बिघडते म्हणून. पुण्याहून एका जाणत्या गृहस्थांनी लिहिलं की बाईंनी आयुष्यभर कमावलेली अभिरुची मातीत घातली. ते पत्रही त्यांनी छापलं, एक अक्षर न बदलता. पण जे लेखन येऊ लागलं, ते त्यांच्या आधीच्या अंकांत कुठेच नव्हतं. बाया आता फक्त दुःख लिहीत नव्हत्या. कुणी सासूची नक्कल लिहिली, कुणी आपण केलेली चोरी. एकीनं लिहिलं, मला लेकरं आवडत नाहीत. बायकांच्या चळवळीवर जे लोक नंतर पुस्तकं लिहायला लागले, त्यांनी या अंकांचा उल्लेख मोठ्या आदरानं केला. कार्यक्रमांत वत्सलाताईंना शाली मिळाल्या. तिथे त्या एवढंच सांगत, की मला हे आसेगावच्या एका वावरवालीनं शिकवलं.

आमच्या घरात मात्र बाबा ती सगळी सुगी बोलले नाहीत. कापूस संपला, तूर खळ्यावर आली, ते आत्याच्या हातचं जेवत आणि उठून जात. गावातल्या बाया दुपारी आत्याकडे येऊन बसायच्या, अंक तिच्या मांडीवर, वाचायला कुणाची तरी पोर. बाबा दिसले की आवाज खाली जायचे. संक्रांत झाली आणि एक दिवस बाबा सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघाले, कुठे ते न सांगता. मी सुट्टीवर घरी होते. ते ऊन कलल्यावर आले. हातपाय धुतले, ताटावर बसले.

"गेलो होतो त्या गावाले," ते ताटाकडे बघून म्हणाले. "भेटलो त्याले. म्हतारा झाला. च्या पाजला त्यानं."

आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "तू पेला?"

"पेलो." मग ते म्हणाले, "म्हने, तुमी कॉलर धरली तवा मले सांगता आलं असतं, पन तिचं होतं ते सांगनं. अन् म्हने, थे दरवाज्यातून 'मी येत नाही' म्हनली, तवा मले कळलं का चार वर्सांत म्या तिचा आवाज कधी धड आयकलाच नव्हता."

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "दुसरीले पोरं झाली ना त्याच्या?"

"तीन."

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.

पुढे कधीतरी एका लग्नाच्या बैठकीत कुणी आत्याचा उल्लेख टाकलेली असा केला, तेव्हा बाबा मधेच म्हणाले, "टाकली नाही. थे आली." आणि बैठक पुढे चालू राहिली. बाबा आता नाहीत. त्यांचं बोलणं आठवायचं म्हटलं की मला हे एवढंसं वाक्य आधी ऐकू येतं.

डोळे गेले तेव्हा वत्सलाताईंनी मासिक बंद केलं. मी वाशिमला शिक्षिका झाले होते; सुट्ट्यांत जाऊन त्यांना पत्रं वाचून दाखवायचे. एकदा मी विचारलं होतं, तुम्ही कथा पुन्हा का नाही लिहिल्यात? "वेळ कुठे होता," त्या म्हणाल्या आणि पुढचं पत्र वाचायला सांगितलं. मी वाचलं.

परवा मी कारंज्याहून तशीच आसेगावला गेले, आत्याला सांगायला. ऐंशी ओलांडलेली आत्या उन्हात खाटेवर बसलेली होती. श्रावणातली बातमी तिला कुणी सांगितली नव्हती; मलाही इतके दिवस सांगायचं धाडस झालं नव्हतं. ऐकून तिनं आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"माहं आयकलं तिनं," ती म्हणाली. "अख्ख्या मुलखाच्या बायाईचं आयकलं. तिचं कोनं आयकलं?"

मी आठवत राहिले. खडूची रेघ, उभ्यानं वाचणं, गार झालेला चहा. दुसऱ्या पुस्तकानंतर गप्प झालेली एक बाई, आणि तिच्या पुढच्या खोलीत तीसेक वर्षं येत-जात राहिलेली मी.

"मी नाही विचारलं, आत्या."

ती रागावली नाही. पाय खाटेवर घेतले, पदर सारखा केला.

"मंग तसंच लिव," म्हणाली. "इचारलं नाही म्हून लिव."